पंधरा फुटांचा गुन्हा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मी ती पायरी एकतीस वर्षे रोज चढलो. पण त्याचा शहाणपणाशी संबंध नव्हता, पगाराशी होता. मुंबईच्या एका मॅजिस्ट्रेट कोर्टात मी कारकून होतो. नावाचा पुकारा झाला की कागद साहेबांपुढे सरकवायचा, शिक्षा झाली की नोंद करायची, दंड भरला की पावती फाडायची. एकतीस वर्षे मी पावती फाडण्याच्या बाजूला उभा होतो. पावती घेण्याच्या बाजूला उभे राहण्याचा योग पासष्टी उलटल्यावर आला, आणि तोही मायदेशापासून साडेसात हजार मैलांवर, अमेरिकेत. त्या योगाची ही हकिगत.

२०१८ सालच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे न्यूयॉर्कला गेलो होतो. न्यूयॉर्क म्हटले की डोळ्यांपुढे आभाळाला टेकलेल्या इमारती येतात. पण त्या मॅनहॅटनमध्ये. आमची लेक राहते ती नदीपलीकडे, क्वीन्समध्ये. मुंबईच्या भाषेत सांगायचे तर फोर्टात नव्हे, दादर-पार्ल्यात. तिथे दुमजली विटांची घरे आहेत, घरापुढे हातभर बाग आहे, आणि बागेपुढे रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारींची न तुटणारी माळ आहे. त्या माळेत आपल्या मोटारीपुरती फट शोधणे हा तिथला रोजचा उद्योग. जावईबापू कचेरीतून येत तेव्हा लेक त्यांना "दमलात का?" असे विचारीत नसे, "जागा मिळाली का?" असे विचारी.

क्वीन्ससारखी वस्ती मी दुसरी पाहिली नाही. सात नंबरची आगगाडी लोखंडी खांबांवरून, लोकांच्या खिडक्यांत डोकावत जाते. जॅक्सन हाइट्सला उतरलात तर चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्या, सोने आणि जिलेबी. शेवटच्या फ्लशिंग स्टेशनावर उतरलात तर सगळ्या पाट्या चिनी. आणि त्या चिनी पाट्यांमधून वीसेक मिनिटे चालत गेलात की बाउन स्ट्रीटवर आपला गणपती! १९७७ साली हे देऊळ उभे राहिले. गोपुर दाक्षिणात्य, मूर्ती पाषाणाची, आणि तळघरात कँटीन. तिथल्या डोशाची कीर्ती देवाच्या कीर्तीच्या फारशी मागे नाही. आमचा गुन्हा घडला तो या डोशापायी.

रविवार होता. देवळाभोवतीच्या गल्ल्यांत तीन फेऱ्या झाल्या, पण फट कुठे दिसेना. चौथ्या फेरीला मला ती दिसली. दोन मोटारींच्या मध्ये चांगली ऐसपैस जागा! मी म्हणालो, "ही बघा. गणपतीने राखून ठेवली आहे." जावईबापू जरा घुटमळले. फुटपाथच्या कडेला गुडघाभर उंचीचा एक लोखंडी नळ होता. आगीचा बंब आला की त्याला पाणी द्यायचे ते याच नळातून. त्याला तिकडे हायड्रंट म्हणतात. "बाबा, हा हायड्रंट..." ते म्हणाले. मी म्हटले, "अहो, केवढा लांब आहे!" सासऱ्याचा शब्द मोडावा कसा? गाडी लागली. आम्ही दर्शन घेतले, डोसे खाल्ले, सौ.ने वर कॉफी मागवली. बाहेर आलो तेव्हा मोटारीच्या काचेवर वायपरखाली एक नारिंगी पाकीट होते.

पाकीट ठेवणारा इसम अजून दहा पावलेच पुढे गेला होता. अंगात निळा गणवेश, डोक्यावर पांढरी टोपी, हातात लहानसे यंत्र. ही माणसे पोलीस खात्याच्या नोकरीत असतात. पण कमरेला पिस्तूल नसते. त्यांच्यात बांगलादेशातून आलेली मंडळी पुष्कळ आहेत. हाही त्यांतलाच निघाला. मी माझ्या मुंबई हिंदीत रदबदली केली. तो अदबीने थांबला आणि म्हणाला, "चाचा, लिखा गया. अब मेरे हाथ में नहीं." आणि मग जाता जाता म्हणाला, "जमैका जाइए. वहाँ सुनते हैं."

हायड्रंटच्या दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा फूट मोटार उभी करायची नाही, असा त्या शहराचा नियम आहे. मी नंतर पावलांनी मोजले. आमची मोटार फार तर नऊ फुटांवर होती. दंड ११५ डॉलर. सौ.ने लगेच त्याचे रुपये केले आणि बराच वेळ ती बोलली नाही.

घरी आल्यावर जावईबापू म्हणाले, "बाबा, यंत्रावर भरून टाकतो. दोन मिनिटांचे काम." त्यांना पैशापेक्षा वेळेची काळजी. पण चूक माझी, दंड त्यांना, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. शिवाय "वहाँ सुनते हैं" हे शब्द कानांतून जाईनात. पाकिटावर लिहिले होते की तीस दिवसांत पैसे भरा, नाहीतर सुनावणी मागा. मी म्हटले, "सुनावणी मागू या. निकाल काय लागायचा तो लागो. मला ती कचेरी पाहायची आहे."

दुसऱ्या दिवसापासून सल्लागार मंडळ बसले. लेकीच्या ओळखीतले एक गृहस्थ तिथे पंचवीस वर्षे राहिलेले. त्यांनी एक खुबी सांगितली. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात परवानाधारक चालक चाकाशी बसून असेल आणि लगेच गाडी हलवू शकत असेल, तर हायड्रंटपाशी खासगी मोटार उभी राहिलेली चालते. हा खरोखरीचा नियम आहे. "तेव्हा सांगून टाका," ते म्हणाले, "की आम्ही देवळात गेलो होतो, जावई गाडीतच होते. पाकीट ठेवणारा साक्षीला येत नाही. कोण खोटे पाडणार?" जावईबापू गप्प राहिले. मीही काही बोललो नाही. पण त्या रात्री मला झोप उशिरा लागली.

मधल्या दिवसांत मी लेकीच्या घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयात बसून या कचेरीचा पूर्वेतिहास वाचला. तो थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढची गंमत कळायची नाही.

रस्त्यावर मोटार उभी करण्याचे भाडे घेणारे मीटर जगात पहिल्यांदा उभे राहिले ते १९३५ साली, ओक्लाहोमा सिटीत. न्यूयॉर्कमध्ये ते आले १९५१ साली, हार्लेमच्या १२५ व्या रस्त्यावर. त्याच्या आदल्या वर्षी झाडूच्या यंत्रांना वाट मिळावी म्हणून नियम निघाला होता की ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी रस्त्याची एक कड मोकळी ठेवायची. मोटारी वाढल्या, नियम वाढले, आणि नियम मोडणारे त्याहून वाढले. हे सगळे खटले जात कुठे? फौजदारी कोर्टात! पाकीटमार, मारामारी करणारा आणि मीटरमध्ये नाणे टाकायला विसरलेला सज्जन असे सगळे एकाच दाराने आत जायचे. न्यायाधीशांचा वेळ उभ्या मोटारींत जाई आणि खरे गुन्हेगार तारखांवर तारखा घेत.

तेव्हा, जॉन लिंडसे महापौर असताना, १९७० साली न्यूयॉर्क शहराने उभ्या मोटारींचे खटले कोर्टाच्या हातून काढून आपल्या एका नव्या कचेरीकडे दिले. तिचे नाव 'पार्किंग व्हायोलेशन्स ब्यूरो'. शहराला हे आपल्या अखत्यारीत करता येत नव्हते. कोर्टाचे काम काढून घ्यायचे तर राज्याच्या विधिमंडळाचा कायदा लागतो, तो झाला. त्या दिवसापासून चुकीच्या जागी मोटार उभी करणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. तो नुसता नियमभंग झाला. त्याला शिक्षा पैशाची, तुरुंगाची नाही. निवाडा करणारे वकील असतात. पण काळा झगा नाही, ज्यूरी नाही. चालत्या मोटारीचे गुन्हे, म्हणजे लाल दिवा ओलांडणे, भरधाव जाणे वगैरे, ते राज्य सरकारने आपल्या मोटार खात्यात निराळी कचेरी काढून तिकडे नेले. त्या कचेरीत घासाघीस चालत नाही. दोषी किंवा निर्दोष, मधला रस्ता नाही.

हे वाचताना मला आमच्या कोर्टातला एक टॅक्सीवाला सारखा आठवत होता. साल १९८० च्या आसपासचे. नको तिथे टॅक्सी उभी केली म्हणून हवालदाराने त्याचा परवाना काढून घेतला होता. दंड व्हायचा होता वीस रुपये. पहिल्या तारखेला साहेब रजेवर. दुसऱ्या तारखेला मोठा खटला दिवसभर चालला, याचा पुकाराच झाला नाही. तिसऱ्या तारखेला तो माझ्या टेबलाशी आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, दंड दुप्पट घ्या, पण आज घ्या." त्याच्या तीन दिवसांच्या धंद्याची भरपाई कुठल्या कायद्यात होती? शिक्षा वीस रुपयांची नव्हती. शिक्षा त्या बाकावर बसण्याची होती. मी त्याला समोरच्या बाकाकडे बोट दाखवले. दुसरे काही माझ्या हातात नव्हते, असे मी तेव्हा मनाशी म्हटले.

ठरल्या दिवशी मी आणि जावईबापू जमैकाला गेलो. जमैका हे क्वीन्समधल्याच एका भागाचे नाव. आगगाड्यांचे मोठे जंक्शन, फुटपाथवर टोप्या, छत्र्या आणि अत्तरे विकणारे, कानठळ्या बसवणारी गाणी. आपल्या कुर्ल्याची आठवण व्हावी असा गलबला. कचेरी स्टेशनापासून जवळच होती. बाहेरून बँक म्हणून चालली असती. शिपाई नाही, दाराशी घुटमळणारे वकील नाहीत, "साहेब, जामीन पाहिजे का?" असे विचारणारे कोणी नाही. आत गेल्यावर नंबर मिळाला आणि आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो.

शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. चेहरा थेट आपल्याकडचा. मी हिंदीत बोललो. ते हसून इंग्रजीत म्हणाले की हिंदी आजीबरोबर गेली. ते गयानाचे. त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी हिंदुस्थानातून गेलेले. क्वीन्सच्या रिचमंड हिल भागात अशी हजारो कुटुंबे आहेत. यांचा भाजीपाल्याचा धंदा आणि एक मालमोटार. त्या मालमोटारीवर महिन्यातून दोन-तीन नारिंगी पाकिटे ठरलेली. ते म्हणाले, "भाडे, विमा, पेट्रोल आणि पाकिटे. धंद्याचे चार खर्च." मग त्यांनी हातातले पाकीट मला दाखवले आणि डोळे मिचकावले. त्यावर त्यांच्या गाडीच्या नंबरपट्टीचा प्रकार चुकीचा नोंदला होता.

माझ्यातला कारकून जागा झाला. तिथला कायदा असा आहे की साक्षीला कोणी येत नाही, पाकिटातला कागद हाच पुरावा. पण म्हणूनच तो कागद बिनचूक पाहिजे. नंबर, नंबरपट्टीचा प्रकार, नोंदणीची मुदत, गाडीची बनावट, हे सगळे बरोबर नसेल तर मालकाने हरकत घेताच खटला रद्द. आमचे गयानी स्नेही आत गेले आणि पाच मिनिटांत हसत बाहेर आले. गाडी त्यांनी लावली होती ती चुकीच्याच जागी. पण लिहिणाऱ्याचे एक अक्षर चुकले आणि ते सुटले. एकतीस वर्षे मी अक्षर चुकले म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली. त्या अक्षरात एवढी ताकद असते, हे मला निवृत्तीनंतर कळले.

त्यांच्यानंतर एक तरुण बाई आत गेली. तिच्या हातात मीटरच्या कागदी पावतीचा फोटो होता. वेळ संपायच्या आधीच तिला दंड झाला होता. तीही सुटून आली. मी जावईबापूंकडे पाहिले, जावईबापूंनी माझ्याकडे. आमच्या पाकिटात एकही अक्षर चुकलेले नव्हते. मी ते घरी भिंगाखाली पाहिले होते.

पुकारा झाला. पुकारा म्हणजे काय, भिंतीवर नंबर लागला. खोली लहान, मध्ये एक टेबल, टेबलावर संगणक, आणि पलीकडे साठीच्या घरातले एक गृहस्थ. साधा कोट, बिनबाह्यांचा स्वेटर. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले. आरोपीला खुर्ची! मी उभाच राहिलो, तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितले. संभाषण ध्वनिमुद्रित होईल असे त्यांनी आधी बजावले आणि मग जावईबापूंना विचारले, "गाडी हायड्रंटपासून पंधरा फुटांच्या आत होती का?"

"होती."

"चाकाशी कोणी होते का?"

वाचकहो, त्या एका क्षणात ११५ डॉलर तरंगत होते. 'हो' म्हटले असते तर खोटे पाडायला खरोखरच कोणी नव्हते. जावईबापूंनी माझ्याकडे पाहिले. ते माझ्यासाठी थांबले होते; मी मान हलवली असती तर ते 'हो' म्हणाले असते, अशी मला अजून शंका आहे. इतकी वर्षे शपथ घेऊन खोटे बोलणारी माणसे मी पाहिली, आणि त्यांच्याविषयी तुच्छतेने बोललो. खोटे बोलण्याचे मोल किती कमी असते आणि मोह किती जवळचा असतो, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळले. मी म्हणालो, "नाही साहेब. आम्ही सगळे देवळात होतो. खरे सांगायचे तर देवळाच्या खाली, डोसे खात होतो. गाडी तिथे लावायला यांना मी सांगितले."

ते गृहस्थ हसले. "कँटीनमध्ये?" त्यांनी विचारले. डोशाची कीर्ती तिथवर पोचली होती तर!

माझी एक खरी तक्रार होती, ती मी मांडली. पंधरा फूट म्हणजे नेमके कुठवर, हे कळावे अशी रंगाची रेघ फुटपाथला का नाही? त्यांनी ऐकून घेतले. मध्ये तोडले नाही, घड्याळाकडे पाहिले नाही. मग म्हणाले की रेघ ओढण्याचे बंधन शहरावर नाही, अंतर चालकाने ओळखायचे असते. ती रेघ असती तर बरे झाले असते, असे अनेक जण इथे सांगतात. पण मला नियम बदलता येत नाही, लागू करता येतो. इतके बोलून त्यांनी निकाल सांगितला. दोषी. ११५ डॉलर. तो मान्य नसेल तर वरच्या मंडळाकडे अपील करता येते, हेही सांगितले. आम्ही आभार मानून उठलो. दारातून आत शिरल्यापासून पावती हातात पडेपर्यंत चाळीस मिनिटे गेली होती. जावईबापूंचा अर्धा दिवससुद्धा बुडाला नाही.

मी हरलो होतो. पण मला हलके वाटत होते. माझे कोणीतरी ऐकले होते. तो टॅक्सीवाला या खुर्चीत बसला असता तर?

इथेच ही हकिगत संपवली असती तर आमच्या सौ.ला आवडले असते. 'अमेरिकेत सगळे कसे छान' हा निबंध लिहायलाही सोपा असतो. पण परत येताना जावईबापूंनी गाडी क्वीन्स बुलेव्हार्डवरून घेतली, आणि वाटेत क्यू गार्डन्सला विटांची एक मोठी इमारत लागली. ती क्वीन्सची बरो हॉल, म्हणजे त्या विभागाचे मुख्य कार्यालय. वाचनालयात वाचलेले दुसरे प्रकरण मला तिथे आठवले.

१९८६ साली या इमारतीत डोनाल्ड मेनिस नावाचे विभागप्रमुख बसत. मोठे वजनदार पुढारी. थकलेले दंड वसूल करण्याची कामे ब्यूरोने खासगी कंपन्यांना दिली होती. ती कंत्राटे मिळावीत म्हणून कंपन्या ब्यूरोच्या उपसंचालकाला, जेफ्री लिंडेनॉवर याला, लाच देत आणि तिचा वाटा मेनिस यांच्याकडे जाई. दंडाची पाकिटे लिहिण्याच्या हातातल्या यंत्रांचे एक कंत्राट होते. त्या कंपनीच्या भागांत ब्राँक्सचे पुढारी स्टॅन्ली फ्रीडमन यांचे हात गुंतले होते. जानेवारीत हे फुटले. मार्चमध्ये मेनिस यांनी आत्महत्या केली. नोव्हेंबरमध्ये फ्रीडमन दोषी ठरले. एडवर्ड कॉच यांची महापौर म्हणून तिसरी कारकीर्द नुकतीच सुरू झाली होती. तिच्यावर या प्रकरणाची सावली शेवटपर्यंत राहिली. कोर्टाची गर्दी कमी करायला काढलेल्या कचेरीचे सोळा वर्षांत हे झाले.

कारण उघड आहे. कोर्टाला दंडाच्या पैशाचे सोयरसुतक नसते, कचेरीला असते. आजही न्यूयॉर्कमध्ये उभ्या मोटारींचा निवाडा करणारे लोक शहराच्या अर्थखात्याखाली बसतात. दंड गोळा करणारे आणि दंड योग्य की अयोग्य ते ठरवणारे एकाच छपराखाली. मला भेटलेले गृहस्थ सज्जन होते. पण माणूस सज्जन निघणे आणि व्यवस्था सज्जन असणे या दोन गोष्टी आहेत.

न्यूयॉर्कची हद्द ओलांडून पूर्वेला गेले की नासाउ काउंटी लागते. तिथल्या हिक्सव्हिल गावात आपली माणसे आणि आपली दुकाने भरपूर. या काउंटीचीही अशीच वाहतूक-दंडाची स्वतंत्र एजन्सी आहे. शेजारच्या सफोक काउंटीने २०१३ साली आपली काढली, वर बफेलो शहराने २०१५ साली. एकाचे पाहून दुसरा. नासाउमध्ये चौकातल्या कॅमेऱ्याने लाल दिव्याचा नियमभंग टिपला की दंड होई ५० डॉलर. पण त्यावर दोन निरनिराळ्या नावांच्या 'फी' मिळून आणखी १०० डॉलर. दंडापेक्षा फी दुप्पट! लोक भांडत राहिले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तिथल्या अपील कोर्टाने त्या जादा फी बेकायदा ठरवल्या. म्हणजे फिरून काम कोर्टाकडेच आले. मला त्याचा, जुना कोर्टाचा नोकर म्हणून, थोडा अभिमान वाटला.

आणि कचेरी कितीही चांगली असली तरी तिच्या हाताला न लागणारेही असतात. संयुक्त राष्ट्रसंघ न्यूयॉर्कमध्ये असल्यामुळे तिथे परदेशी वकिलातींच्या मोटारी पुष्कळ. राजनैतिक संरक्षणामुळे त्यांच्याकडून दंड वसूल होत नसे. रेमंड फिस्मन आणि एडवर्ड मिगेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मोजले, तेव्हा १९९७ च्या अखेरीपासून २००२ पर्यंत न भरलेली पाकिटे दीड लाखाहून जास्त निघाली. काही देशांच्या मंडळींनी शेकड्यांनी नियम मोडले. नॉर्वे-स्वीडनच्या लोकांवर एकही दंड थकला नव्हता, तेही संरक्षण असताना. २००२ साली शहराला या मोटारींच्या खास नंबरपट्ट्या काढून घेण्याचा अधिकार मिळाला, आणि थकबाकी एकदम जवळजवळ नाहीशी झाली. धाक नसताना काही जण नियम पाळतात, बाकीचे धाक आल्यावर पाळतात. डोशाच्या दिवशी मी कोणत्या रांगेत होतो, ते सांगायला नको.

परत आल्यावर मी आपल्याकडे पाहतो. आता हवालदार परवाना काढून घेत नाही; कॅमेरा फोटो काढतो आणि मोबाइलवर चलान येते. नागपूरला २०२० साली या चलानांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. घरबसल्या गुन्हा कबूल करून दंड भरता येतो. थकलेली चलाने लोकअदालतीत निघतात. टॅक्सीवाल्याचे तीन दिवस आता वाचतात, ही लहान गोष्ट नाही. पण आमच्या शेजारच्या काकांना परवा चलान आले, फोटोतली स्कूटर भलत्याचीच. ते मला विचारीत होते, "पैसे कुठे भरायचे ते कळले हो. बोलायचे कुणाशी?" मला त्या लहान खोलीतले टेबल आठवले. दंड घेण्याची सोय कोणतेही सरकार हौसेने करते. समोर खुर्ची मांडून पाच मिनिटे ऐकून घेण्याची सोय मागून घ्यावी लागते.

त्या खोलीतली पावती मी बरोबर आणली आहे. एकतीस वर्षांत दुसऱ्यांसाठी फाडलेल्या हजारो पावत्यांनंतर माझ्या वाट्याला आलेली ती एकच.

लेकीचा फोन दर दिवाळीला भल्या सकाळी येतो, म्हणजे तिच्याकडे रात्र असते. न्यूयॉर्कमध्ये झाडूच्या यंत्रासाठी मोटारी हलवण्याचा तो १९५० सालचा नियम अजून आहे. पण काही सणांच्या दिवशी त्याला सुट्टी मिळते, आणि त्या सणांच्या यादीत आता दिवाळीही आहे. २०२३ साली कायदा होऊन तिथल्या शाळांनाही दिवाळीची सुट्टी ठरली. लेक सांगत असते, फराळाला कोण कोण येणार, चकल्या कशा जमल्या. शेवटी जावईबापू फोनवर येतात आणि दर वर्षी न चुकता म्हणतात, "बाबा, उद्या गाडी हलवायची नाही. सरकारी दिवाळी आहे."

आणि मीही दर वर्षी न चुकता विचारतो, "हायड्रंटपासून पंधरा फूट आहे ना?"